अठ्ठ्याण्णव वर्षे आणि एक विशेषण

पत्र : सप्रेम नमस्कार. माझी आई गेल्या आषाढात, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, गोव्यात फोंडा तालुक्यातील आमच्या घरी वारली. येत्या आषाढात तिचे वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी आप्तेष्टांना देण्यासाठी एक छोटी स्मरणपुस्तिका काढायची असे आम्हा भावंडांचे ठरले असून मुख्य लेख माझ्याकडे आला आहे. आईचे लग्न १९४३ च्या वैशाखात झाले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. माहेर मुरगावच्या बाजूचे; आपली होडी दुर्भाटच्या धक्क्याला लागली, असे ती सांगायची. बाबा मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या एका वखारीत कारकून होते. लग्नानंतर पंधरा दिवसांनी ते परत गेले, मधे एकदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आले आणि १९४६ मध्ये कायमचे घरी परतले. त्या काळातली त्यांची एकोणचाळीस पत्रे आईच्या पेटीत सापडली आहेत. ती वाचावीत का, छापावीत का, हे मला ठरवता येत नाही. लग्नानंतरच्या माघात जन्मलेली आमची थोरली बहीण १९४५ च्या पावसाळ्यात तापाने गेली. "कोयनेल मिळाले नाही," एवढेच आई त्याविषयी बोलायची; कोयनेल म्हणजे हिवतापावरचे औषध. थोरल्या भावाला हा उल्लेख नको आहे. "पतिपरायण, सोशिक, वात्सल्यमूर्ती असे लिही, म्हणजे झाले," असे तो म्हणतो. मी चार पाने लिहिली, पण वाचल्यावर ती कोणाच्याही आईची वाटली. बाबा १९८७ मध्ये गेले. माझा जन्म गोवा मुक्त झाला त्या महिन्यातला, त्यामुळे युद्धाचे दिवस मी पाहिलेले नाहीत. मी कसे लिहू? — एक लेक, फोंडा

उत्तर :

ताई, तुमच्या आईच्या जाण्याने तुमच्या घरात जी पोकळी झाली असेल, तिची कल्पना मला तुमच्या पत्रातील एका वाक्यावरून आली. लिहिलेली पाने कोणाच्याही आईची वाटली, हे जिला जाणवते आणि खुपते, तिला आपली आई नेमकी ठाऊक असते. ते नेमकेपण अजून कागदावर उतरलेले नाही, इतकेच. ती चार पाने फाडू नका, परंतु त्यांच्यावर नवा लेख उभा करण्याचा प्रयत्नही करू नका.

तुमच्या भावाने सुचवलेली विशेषणे खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. सतराव्या वर्षी परक्या घरी येऊन, नवरा तीन वर्षे दूर असताना जिने त्याचे घर सांभाळले आणि त्याची पत्रे ऐंशी वर्षे पेटीत जपली, तिला निष्ठावान म्हणू नये तर कोणाला म्हणावे? माझी हरकत वेगळी आहे. विशेषण लिहिले की वाचणाऱ्याचे कुतूहल तिथेच थांबते. "सोशिक" असे वाचल्यावर तिने काय सोसले, हे विचारावेसे कोणाला वाटत नाही. शिवाय थोडा हिशेब करून पाहा. तुमची आई सतरा वर्षे माहेरी होती, चव्वेचाळीस वर्षे तिचा संसार झाला आणि त्यानंतर सदतीस वर्षे ती तुमच्या बाबांशिवाय जगली. "पतिपरायण" हा शब्द तिच्या अठ्ठ्याण्णवपैकी चव्वेचाळीस वर्षांनाच लागू पडतो, आणि त्यांतली पहिली तीन वर्षे पती घरी नव्हता. उरलेल्या चोपन्न वर्षांची बाई कोण होती, याचे उत्तर त्या शब्दात नाही आणि तुमच्या पत्रातही नाही. मला वाटते, तुमची पाने तुम्हाला परकी वाटली याचे मूळ तिथे आहे.

मात्र याच्या उलट टोकाला जाऊ नका. हल्ली अशा लेखांत आईला मागाहून बंडखोर करण्याची एक पद्धत पडली आहे. तिने संसार मनापासून केला असेल, तर तो मनापासून केला असेच लिहावे.

आता युद्धाविषयी. ते आपण पाहिले नाही म्हणून त्यावर लिहिता येणार नाही, असे तुम्हाला वाटते. पण ज्या अर्थाने सैनिक युद्ध पाहतो, त्या अर्थाने ते तुमच्या आईनेही पाहिले नव्हते. पोर्तुगाल तटस्थ होता, त्यामुळे गोवाही कागदोपत्री युद्धाबाहेर होता. तरीही युद्ध इथे पोहोचलेच. मुरगावच्या बंदरात एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आन्फोरा हे इटालियन जहाज आसरा घेऊन उभे होते. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या स्वयंसेवक सैनिकांच्या एका तुकडीने एरेनफेल्सवर छापा घातला आणि त्या गोंधळात चारही जहाजांना त्यांच्याच खलाशांनी आगी लावून बुडवले. तुमच्या आईचे माहेर त्याच बाजूचे आणि लग्नाला जेमतेम दोन महिने उरलेले. ती आग तिने पाहिली, असे लिहिण्याचा मोह तुम्हाला होईल. तिने तसे कोणाजवळ कधी सांगितले असेल, तरच लिहा. नाहीतर ज्या मार्चमध्ये मुरगावात जहाजे जळाली, त्याच वर्षीच्या वैशाखात ती तिथून होडीने दुर्भाटला आली, एवढेच लिहा. जे तिचे नव्हते ते तिच्या तोंडी घातले, तर जे खरोखर तिचे होते त्यावरचा वाचकाचा विश्वासही उडेल.

तिच्यापर्यंत युद्ध ज्या वाटेने आले, ती वाट चुलीची होती, आणि तिच्याविषयी मी तुम्हाला जास्त आग्रह करीन. गोव्याच्या शेतीचा तांदूळ गोव्याला वर्षभर पुरत नसे आणि बाहेरून येणाऱ्या तांदळात ब्रह्मदेशच्या तांदळाचा वाटा मोठा होता. ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपानच्या हाती गेले आणि तो तांदूळ बंद झाला. तुमचे घर फोंड्याचे, म्हणजे कुळागराचे, सुपारीच्या बागायतीचे, असण्याचा संभव बराच. कुळागर असलेले घर खाऊनपिऊन सुखी असते, असे आपण धरून चालतो. परंतु सुपारी विकून तांदूळ आणायचा असतो, आणि बाजारात तांदूळच नसला तर सुपारीची रास घरात असूनही पेज पातळ करावी लागते. अशा घरात सतरा वर्षांची नवी सून आली, तेव्हा भांड्याच्या तळाशी उरलेले तिच्या वाट्याला येत असणार, हा माझा तर्क आहे. तो तर्क म्हणून लिहू नका, तपासून लिहा. तुमच्या भावंडांना विचारा, की आई कोणते अन्न कधीच टाकू देत नसे, उकड्या तांदळाची पेज गाळताना तिचा हात कसा चाले, फणसाच्या आठळ्या ती मातीत ठेवून किती महिने पुरवी, आणि पुरुमेताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सामान भरताना ती कोणत्या वस्तूला सर्वांत आधी हात घाली. "आई कशी होती?" असे विचारले की माणसे विशेषणे सांगतात. "आई कुळथाचे काय काय करी?" असे विचारले की आई सांगतात. वाड्यावर नव्वदीला टेकलेल्या कोणी बाई असतील, तर त्या १९४३ मध्ये आठ-दहा वर्षांच्या होत्या आणि त्या वयाच्या मुलांना भूक फार चांगली आठवते. त्यांच्याकडे पावसाआधी जा.

पत्रे वाचावीत का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. ती नष्ट करायची असती, तर ऐंशी वर्षांत तिला संधी मिळाली असती. घरात चूल होती. ती तिने ठेवली, हीच तिची परवानगी समजा. मात्र वाचण्याची परवानगी आणि छापण्याची परवानगी या दोन गोष्टी आहेत. पती-पत्नींनी एकमेकांना जे फक्त एकमेकांसाठी लिहिले, ते वाचून घडी घालून ठेवा. घर, धान्य, मूल, पैसे, प्रवास आणि निरोप यांविषयीच्या ओळी खुशाल घ्या.

वाचण्यापूर्वी सर्व पत्रे तारखेप्रमाणे लावा. शक आणि तिथी लिहिलेली असेल, तर शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सनाचे वर्ष निघते. पौष-माघ-फाल्गुनाची पत्रे बहुधा त्याच्या पुढच्या वर्षात जातात, तेवढे सांभाळा. पाकिटे असतील तर तीही टाकू नका. युद्धकाळात ब्रिटिश हिंदुस्थानातून बाहेर जाणारे टपाल सेन्सॉर उघडून तपासत असे आणि गोवा तर परक्या राज्याचा मुलूख होता. पाकिटाच्या कडेला तपासणीची छापील पट्टी चिकटवलेली दिसली, तर त्या नवपरिणीत मुलीला नवऱ्याचे पत्र मिळण्याआधी एका अनोळखी माणसाने ते वाचले होते, हे तुम्हाला कळेल. मग बाबांच्या पत्रांत तुम्हाला कोरडेपणा जाणवला, तर त्याचे कारणही कळेल.

यानंतर १९४४ च्या चैत्रातली, म्हणजे शके १८६६ च्या आरंभीची पत्रे वेगळी काढा. १४ एप्रिल १९४४ या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा झाला आणि बंदराला लागून असलेल्या वखारी व वस्त्या पेटल्या. शेकडो माणसे दगावली. आग विझवताना गेलेल्या सहासष्ट जवानांच्या स्मरणार्थ आजही तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मस्जिद बंदर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तुमचे बाबा त्या भागातल्या वखारीत कारकून होते आणि तुमची आई त्या दिवशी दोन महिन्यांचे मूल मांडीवर घेऊन फोंड्यात होती. स्फोटाची बातमी इथे माणसांच्या तोंडून आली असेल, पत्र नंतर आले असेल. चौदा एप्रिलच्या आधीचे शेवटचे पत्र आणि नंतरचे पहिले पत्र या दोहोंमध्ये किती दिवस गेले, ते मोजा. पुढच्या पत्रावर पोचल्याची तारीख किंवा टपालाचा शिक्का असला, तर अधिक चांगले. तो आकडा लेखात जसाच्या तसा घाला आणि त्याला एकही विशेषण जोडू नका. त्या दिवसांत घरच्यांनी देवाला प्रसाद लावला होता का, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून कौल मागितला होता का, कौल कोणत्या देवळात घेतला, पाकळी उजवी पडली की डावी, हे थोरल्या भावाला नक्की विचारा. अशा गोष्टी घरातल्या पुरुषांना पुष्कळदा ठाऊक असतात. त्या लिहिण्यासारख्या आहेत असे त्यांना वाटत नाही, इतकेच.

पेटीत फक्त त्यांची पत्रे आहेत, तिची नाहीत. तिची मुंबईच्या खोलीत राहिली असतील किंवा हरवली असतील. तरीही ती पूर्णपणे गेलेली नाहीत. उत्तराच्या पत्रात आधीच्या पत्राचा मजकूर नेहमी थोडा उतरतो. "तू विचारलेस", "तुझे लिहिणे कळले", "त्याची काळजी करू नये" अशा ओळी जिथे येतील, तिथे पेन्सिलीने वेगळ्या वहीत टिपत जा. मूळ कागदावर खूण करू नका. एकोणचाळीस पत्रांतून तिने विचारलेले वीस प्रश्न जरी हाती लागले, तरी सतरा ते वीस या वयातली तुमची आई तिच्याच शब्दांच्या सावलीत तुमच्यासमोर उभी राहील. वर्णनाने हे साधणार नाही. आपल्या घरातल्या त्या पिढीच्या बायकांचा आवाज पुष्कळदा असाच, दुसऱ्याच्या उत्तरातून, ऐकावा लागतो.

पत्रांची छायाचित्रे मात्र याच आठवड्यात काढून घ्या. लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नका, आणि गोव्याच्या पावसाळ्यात ती पत्र्याच्या पेटीत ठेवू नका.

आता तुमच्या थोरल्या बहिणीविषयी. हा भाग लिहिताना मी बराच वेळ थांबले. तुमच्या भावाची भावना मला समजते. श्राद्धाच्या दिवशी घरातले दुसरे मरण आठवू नये, असे त्याला वाटत असेल, आणि त्यात आईवरची मायाच आहे. पण ज्या लेखाला तुम्ही एका आईचे स्मरण म्हणणार आहात, त्यात तिला आई करणारे पहिले मूलच नसावे, हे मला योग्य वाटत नाही. आईने तो विषय दडवलाही नव्हता. "कोयनेल मिळाले नाही" हे तिचे वाक्य पुरेसे आहे, आणि ते अक्षरशः खरे असण्याची शक्यता मोठी आहे. हिवतापावरचे कोयनेल ज्या सिंकोनाच्या सालीपासून बनते, त्याच्या जगातल्या पुरवठ्याचा फार मोठा भाग जावा बेटावरून येत असे, आणि जावा जपानच्या हाती पडले ते १९४२ च्या मार्चमध्ये, रंगून पडले त्याच आठवड्यात. तांदूळ आणि कोयनेल या दोन्हींची वाट एकाच आठवड्यात बंद झाली आणि त्याचा घाव तीन वर्षांनी फोंड्याच्या एका घरात, दीड वर्षाच्या मुलीवर पडला असेल. ताप नेमका कोणता होता हे सांगता येणार नाही, म्हणून औषधाने ती वाचली असती असे ठामपणे लिहू नका. तिचे नाव, जन्माचा महिना, गेल्याचा महिना, आईचे ते वाक्य, आणि बाबांनी तिला त्या एका चवथीला पाहिले असेल, तर ते. पाच ओळी पुरतील. भावाला त्या छापण्याआधी वाचून दाखवा. माझा अनुभव असा आहे, की मोजक्या आणि सरळ ओळींना घरातली माणसे सहसा विरोध करत नाहीत. त्यांना भीती वाटते ती हुंदक्यांची.

दुसरा शोध कचेरीत घ्यावा लागेल. गोव्यात विवाहाची, जन्माची आणि मृत्यूची नोंद मुक्तीपूर्वीपासून सरकारी पुस्तकांत होत आली आहे. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात चौकशी करा. जुनी पुस्तके तिथे नसतील, तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारा. नोंद पोर्तुगीजमध्ये असेल आणि नावांची स्पेलिंगे ओळखू येणार नाहीत, म्हणून जाणता माणूस बरोबर न्या. तिथे तुम्हाला आईचे माहेरचे नाव आणि जन्मतारीख मिळेल, कदाचित घरी समजत होते त्याहून वेगळी. तुमच्या पत्रात तिचे माहेरचे नाव नाही. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले गेले की जुने नाव सतरा वर्षांसकट मागे पडते, आणि मुलांना ते कधी कधी शेवटपर्यंत कळत नाही. याशिवाय घरातले जुने खरेदी-विक्रीचे दस्त पाहा. आपल्या नागरी कायद्यात पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते आणि स्थावर विकायचे तर पत्नीचीही संमती लागते, त्यामुळे गोव्यातल्या दस्तांवर बायकांच्या सह्या सापडतात. तिची सही तिथे असेल. ती तिने मोडीत केली, बाळबोधीत केली की अंगठा दिला, आणि पुढे त्यात बदल होत गेला का, हे पाहण्यासारखे आहे.

आणि मग ती सदतीस वर्षे. त्यांच्याविषयी मी फार सांगू शकणार नाही, कारण ती तुम्ही स्वतः पाहिली आहेत आणि नेमकी म्हणूनच ती तुम्हाला लिहिण्यासारखी वाटत नाहीत. माझ्या आत्याच्या बाबतीत माझ्याकडून हेच झाले. तिच्या तरुणपणीचे, ऐकीव असे सगळे मी लेखात घातले. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ती अंगणात जाऊन कोणाची वाट पाहिल्यासारखी पाच मिनिटे उभी राहायची, ते लिहायचे राहिले, कारण ते रोजचे होते. आज त्या पुस्तिकेत मला ती सापडत नाही. तुमच्या आईने एकसष्टाव्या वर्षानंतर काय नवे शिकले, बँकेत पहिल्यांदा एकटी कधी गेली, पाटाच्या पाण्यावरून कोणाशी भांडली, नातसुनेला कोणता पदार्थ शिकवला आणि कोणता शिकवला नाही, हे लिहा. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. ती मतदानाला गेली होती का, आणि गेली असेल तर तेव्हा दोन वर्षांच्या असलेल्या तुम्हाला कोणाजवळ ठेवून गेली, हेही भावाला विचारा. शेवटच्या वर्षात ती कोणती ओवी किंवा धालोचे, म्हणजे बायकांच्या त्या लोकनृत्याचे, कोणते गीत गुणगुणत असे, ते तुमच्या कानात अजून आहे; ते आजच लिहून काढा, चाल विसरण्यापूर्वी फोनवर म्हणून ठेवा.

लेखाची सुरुवात मात्र लग्नापासून करू नका. तिच्या जन्मापासून, माहेरच्या नावाने करा. "पतिपरायण" हा शब्द भावाला हवाच असेल, तर तो पुस्तिकेत त्याच्या स्वतःच्या मनोगतात येऊ द्या. त्याच्या नावाखाली तो शोभेल, कारण ती त्याची आठवण आहे. लेख लिहून झाला की छापखान्यात देण्याआधी सर्व भावंडांना एकत्र बसवून मोठ्याने वाचा. कोणीतरी मधेच थांबवून "नाही, असे नव्हते" म्हणेल. तिथे वही उघडी ठेवा आणि तो जे सांगेल ते उतरवून घ्या. आणि पहिल्या पानावरच्या छायाचित्राखाली तिची दोन्ही नावे छापा, माहेरचे आधी.